जर्मनीत राहताना तिथलंही खावं आणि घरच्या चवीही जपाव्यात, हे जमतं का?

जमतं. पण तुमच्या प्रश्नातली 'भारतीय दुकान लांब आहे, मग तूप-श्रीखंड विसरायचं का?' ही ओळ वाचून राहवलं नाही. तूप आणि श्रीखंडासाठी भारतीय दुकानाची पायरी चढायचं कारणच नाही. जर्मनी दूधदुभत्याचा देश आहे. तिथे राहून आपली माणसं डब्यातलं आयतं तूप घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी तूप. लोण्याच्या पाकिटावर तीनपैकी एक शब्द छापलेला असतो: झ्यूसरामबुटर, मिल्टगेझॉयर्ट किंवा झाउअररामबुटर. पहिलं न विरजलेल्या सायीचं. दुसऱ्यात लोणी निघाल्यावर आंबटपणा मिसळतात. तिसरं खरोखर विरजलेल्या सायीचं, म्हणजे आपल्या घरच्यासारखं, तेच घ्या. बिनमिठाचं आहे ना, तेवढं बघा. जर्मन लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे ५०० ग्रॅममधून साधारण ४०० ग्रॅम तूप निघतं. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर अर्धा तास लागतो. फेस बसला, तडतड थांबली आणि बेरी बदामी झाली की पातेलं शेगडीवरून उचला. नुसतं बटण बंद करून भागत नाही, काचेची शेगडी नंतरही तापलेली राहते आणि बेरी करपते. रवाळ तूप हवं असेल तर ओट्यावरच सावकाश निवू द्या. फ्रिजमध्ये घाईने गार केलं तर रवा धरत नाही.

आता श्रीखंड. दर पाडव्याला कुणीतरी ठासून सांगतं की ग्रीक दही घ्या, तोच चक्का. जर्मन दुकानात 'ग्रीशिशर आर्ट' (ग्रीक पद्धतीचं) लिहिलेलं १० टक्के स्निग्धांशाचं जे दही सर्रास मिळतं, ते बहुतेकदा टांगलेलं नसतं, साय घालून दाट केलेलं असतं. साखर पडली की ते सैल होतं आणि वाटीत वाहतं. चक्क्याच्या जवळ जातं ते क्वार्क, म्हणजे तिथलं मऊ, ताजं चीज. ते कोमट दुधाला लावलेल्या विरजणाचं असतं, आपल्या घरच्या दह्याच्या वळणाचं, म्हणून त्याचा आंबटपणा सौम्य आणि लोण्यासारखा असतो. डब्यावरचा ४० टक्के हा आकडा कोरड्या भागातल्या स्निग्धांशाचा आहे, प्रत्यक्षात १०० ग्रॅममध्ये १०-११ ग्रॅमच असतो. घाबरू नका, तेच घ्या. मागरक्वार्कचं, म्हणजे साय काढलेल्या दुधाच्या क्वार्कचं, श्रीखंड खडूसारखं कोरडं लागतं.

५०० ग्रॅम क्वार्क फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, वर वजन ठेवा आणि रात्रभर फ्रिजमध्ये निथळू द्या. ही पायरी गाळायची नाही, कारण साखरेमुळे उरलेलं पाणी सुटतं. सकाळी २०० ते २५० ग्रॅम साखर मिसळून तासभर ठेवा, मग पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. मिक्सर अजिबात नको, श्रीखंड पातळ होतं. केशर चमचाभर कोमट दुधात, वेलची शेवटी.

मेथांब्यासाठी कैरी शोधत फिरू नका. एप्रिल ते जूनमध्ये बाजारात रबार्ब या आंबट भाजीचे लाल-हिरवे देठ येतात. अर्धा किलो देठांचे दोरे सोलून पेराएवढे तुकडे करा. फोडणीत चमचाभर मेथी फक्त तांबूस होईतो परता, पुढे गेली तर कडू होते. हिंग, हळद, तिखट, पाव वाटी पाणी आणि २५० ग्रॅम गूळ घालून आधी पाक दाट करा, तुकडे मग टाका. कैरीसारखं उकळत ठेवलंत तर पाच-सहा मिनिटांत तुकड्यांचा लगदा होतो. ढवळू नका, पातेलं नुसतं हलवा.

तिथलं काय खायचं, तर त्याच दिवसांत येणारा पांढरा श्पार्गेल, म्हणजे ॲस्परॅगस. टोकाच्या खालपासून बुडापर्यंत सोला, कडक बूड कापा, मिठाच्या पाण्यात चिमूटभर साखर घालून मऊ शिजवा आणि वितळलेल्या लोण्याबरोबर खा. त्याला गोडा मसाला लावू नका. साधारण २४ जूनला त्याचा हंगाम संपतो, तोवर मनसोक्त खाऊन घ्या. नवलकोल मात्र बिनधास्त आपल्या पद्धतीने करा, तिथला कोवळा आणि गोड असतो.

पोळ्यांसाठी तेवढा भारतीय आटाच आणा. तिथलं पूर्ण गव्हाचं पीठ आपल्या चक्कीच्या पिठाइतकं पाणी पीत नाही, कोंडाही जाड असतो, म्हणून पोळी गार झाली की कडक होते.

दोन गोष्टी राहिल्या. क्वार्क करताना थोडं रेनेट (दूध घट्ट करणारं विकर) वापरतात आणि ते वासराच्या जठरातलं असू शकतं. काटेकोर शाकाहारी असाल तर डब्यावर शाकाहारी खूण बघूनच घ्या. आणि रबार्बची पानं विषारी असतात, ती टाकून द्या. देठातही ऑक्झॅलिक आम्ल असतं, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असेल तर हा मेथांबा टाळा आणि इतरांनीही तो ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नये.