मेडिकलमधून आणलेली तिसरी स्ट्रिप

प्रश्न : डॉक्टरताई, स.न.वि.वि. माझे सासरे 64 वर्षांचे आहेत. चौदा वर्षांपासून शुगर आहे. तीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले. विडी सहा वर्षांपूर्वी सुटली, पण दम राहिला. डॉक्टरांनी सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) सांगून पंप लिहून दिलाय. ‘त्याची सवय लागते’ म्हणून ते घेत नाहीत. यंदा गड्ड्याच्या यात्रेहून आले आणि खोकला धरला, त्याला आज 24 दिवस झाले. मेडिकलमधून अँटिबायोटिकची तीन गोळ्यांची स्ट्रिप दोनदा आणली. चार दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच. उपाशीपोटी शुगर 210 आली. आता मेडिकलवाले म्हणतात, ‘हेवी’ अँटिबायोटिक देतो. आणू का? की वाफेचं मशीन विकत घेऊ?
– एक सून, अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर : ताई, अंक छापून हातात पडेपर्यंत तुम्ही थांबू नये म्हणून फोनवर बोललेच आहे. तिसरी स्ट्रिप आणू नका. उद्या सकाळी मामांचा बेडका तपासायला द्या आणि छातीचा एक्स-रे काढा. असं का, ते इथे सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखी पत्रं दर हिवाळ्यात येतात आणि जवळजवळ प्रत्येकात ती तीन गोळ्यांची स्ट्रिप असते.

साधा सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. त्यातलेच मधले चार दिवस गोळीच्या नावावर जमा होतात. धडधाकट माणसाचं यात फारसं बिघडत नाही. मामांचं तसं नाही. विडीनं आणि सुताच्या धुरळ्यानं श्वासनळ्या आधीच अरुंद झाल्यात, आणि वाढलेल्या साखरेनं जंतूंशी लढायची ताकद कमी केलीय. जंतुसंसर्ग झाला की साखर चढते, साखर चढली की संसर्ग हटत नाही. 210 हा आकडा त्या खोकल्याचाच भाग आहे, तो वेगळा धरू नका.

सीओपीडी असलेल्या माणसाला अँटिबायोटिक कधी लागतं, हे ठरवायला आम्ही तीन गोष्टी विचारतो. दम नेहमीपेक्षा वाढलाय का? बेडका जास्त पडतोय का? त्याचा रंग बदलून तो पिवळा-हिरवा, पुवासारखा झालाय का? रंग बदललाय आणि सोबत आधीच्या दोनपैकी एक गोष्ट आहे, तर अँटिबायोटिकचा उपयोग होतो, आणि बहुधा पाच दिवस पुरतात. पांढऱ्या, फेसाळ बेडक्याला ते देऊन हाती काही लागत नाही. म्हणून पेशंटला मी आधी म्हणते, पांढऱ्या कागदावर थुंकून दाखवा. लोकांना किळस येते. मला त्या कागदावर निम्मं उत्तर मिळतं.

आता त्या ‘हेवी’ गोळीबद्दल. लिव्होफ्लोक्सॅसिनसारखी औषधं अशा वेळी सर्रास दिली जातात. मधुमेही माणसाची साखर त्यांनी अचानक खाली येऊ शकते किंवा चढू शकते. त्याहून मोठी अडचण अशी की टीबीच्या जंतूंवरही त्यांचा थोडासा परिणाम होतो. टीबी बरा होत नाही, नुसता दबतो. पेशंटला हुशारी वाटते, तपासणीत जंतू सापडेनासे होतात आणि निदान आठवडेच्या आठवडे लांबतं. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे बेडक्याची तपासणी, हा नियम आहे. मामांचे 24 दिवस झालेत.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझे वडीलही माग चालवायचे, रात्रपाळीला. आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. तंबाखूचा तो वास अजून नाकात आहे. 1998 च्या हिवाळ्यात बाबांना असाच खोकला लागला. त्यांनाही शुगर होती. मी तेव्हा मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. घराजवळच्या दुकानातून पहिली स्ट्रिप भावानं आणली, दुसरी मी आणली. बाबांना बरं वाटायचं, पुन्हा खोकला यायचा, पँट कमरेत ढिली पडत चालली होती आणि आम्ही म्हणत होतो, शुगरमुळे वाळलेत. बेडका तपासला तो अडीच महिन्यांनी. टीबी निघाला. औषधानं ते बरे झाले, पण एका फुप्फुसाचा वरचा भाग कायमचा आक्रसला आणि मागावर ते पुन्हा उभे राहिले नाहीत. ते अडीच महिने मला परत आणता येत नाहीत. तुमचे 24 दिवस आहेत, ते पंचवीस होऊ नयेत एवढंच मला वाटतं.

बेडका कसा द्यायचा ते नीट बघा, कारण बरेच नमुने नुसत्या थुंकीचे येतात. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, साध्या पाण्यानं चूळ भरायची. गच्चीवर किंवा अंगणात, उघड्यावर जायचं. बंद खोलीत, नातवंडांच्या जवळ नको. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीच्या तळातून खोकायचं आणि घट्ट, चिकट असेल ते डबीत घ्यायचं. सिव्हिलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. तिथे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही मशीनवर टीबीचे जंतू शोधणारी चाचणी होईल का, हे आवर्जून विचारा. मशीनवर नमुना लावला की काही तासांत निकाल कळतो. टीबी निघाला तर घाबरू नका. साधारण सहा महिन्यांच्या औषधानं तो बरा होतो आणि ते औषधही मोफत मिळतं.

वाफेचं मशीन घेऊ नका. ते पैसे ठेवा. पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून नीट घेतला, तर नेब्युलायझरइतकंच, म्हणजे त्या मशीनइतकंच काम करतो. आधी श्वास पूर्ण सोडायचा, पंप दाबून सावकाश आत ओढायचा, दहापर्यंत आकडे मोजेस्तोवर धरून ठेवायचा. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. पंपाची सवय लागत नाही. चष्मा लावला म्हणून डोळ्यांना त्याची सवय लागली असं आपण म्हणतो का? मामांना हे माझ्या नावानं सांगा.

दम फारच वाढला तर डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्या देतील, बहुधा पाच दिवस. त्या घ्याव्यात, पण घरात शुगर मोजायची वेळ बदलावी. सकाळी स्टिरॉइड घेतलं की साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते. सकाळची उपाशीपोटीची चांगली दिसते आणि माणूस फसतो. इन्सुलिन चालू असेल तर आजारपणात स्वतःच्या मनानं बंद करू नका. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली शुगरची गोळी असेल आणि खाणंपिणं सुटलं किंवा उलट्या झाल्या, तर लगेच डॉक्टरांना फोन करून ती थांबवायची का ते विचारा.

रात्री कधी उचलून न्यायचं, हेही सांगून ठेवते. मामांना न सांगता त्यांच्या छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. बसल्या जागी 25 च्या वर असतील तर त्याच दिवशी दाखवा. 30 किंवा जास्त असतील तर तडक दवाखाना. ऑक्सिमीटरचा आकडा बरे असतानाच लिहून ठेवा, म्हणजे आजारपणात तुलना करता येईल. ओठ निळसर पडले, वाक्य पुरं करता येईना, किंवा मामा असंबद्ध बोलायला लागले तर वाट बघू नका. वयस्कर मधुमेही माणसाला न्यूमोनियातही कधी कधी ताप येत नाही. घरचे म्हणतात, “ताप नाही की, मग कशाला न्यायचं?” आणि तिथेच उशीर होतो.

हे सगळं निस्तरलं की फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घ्या, आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) लस एकदा डॉक्टरांशी बोलून. पैसे पडतात हे खरं, पण एका अ‍ॅडमिशनपेक्षा कितीतरी कमी.

प्रश्न : माझ्या आईला, वय 70, हृदयाचा त्रास आहे. आडवं झालं की खोकला येतो, उठून बसलं की थांबतो. दोन अँटिबायोटिक झाली. कफ पातळ होणारं कोणतं सिरप द्यावं?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : कोणतंच देऊ नका, भाऊ. आडवं झाल्यावर येणारा आणि बसल्यावर थांबणारा खोकला हृदयाच्या पेशंटमध्ये बऱ्याचदा फुप्फुसात पाणी साचल्याचा असतो. तिथे जंतू नसतात, म्हणून अँटिबायोटिकनं तो हटत नाही. आईचे पाय घोट्याशी अंगठ्यानं पाच सेकंद दाबून बघा, खळगा राहतो का. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलंय का, तेही बघा. बीपीसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू आहे का? या गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो. स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगितलंत की ते बदलून देतील. आईला आजच हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत घ्या, रिकाम्या स्ट्रिपसुद्धा.