साडेनऊ महिन्यांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन गोवा-मुंबई क्रूझला जावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात मुरगाव बंदरातून मुंबईला जाणाऱ्या क्रूझवर एका रात्रीसाठी जायचं मिस्टरांच्या मनात आहे आणि सासूबाई म्हणताहेत, एवढ्याशा पोरीला समुद्रावर कशाला न्यायची. माझं उत्तर, जा. पण तुमच्या प्रश्नात मुलीविषयी दहा ओळी आहेत आणि मुलाविषयी एकच: "त्याचं काही नाही, तो मजा करेल." त्या एका ओळीसाठी मी हे उत्तर लिहायला बसले. बोटीवर जास्त सांभाळावं लागतं ते चार वर्षांच्या मुलाला.

आम्ही म्हापशाला राहतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातच मुरगावहून मुंबईला गेलो आणि येताना मांडवी एक्सप्रेसने थिवीला उतरलो. थोरली तेव्हा पाच वर्षांची होती, धाकटा अकरा महिन्यांचा. महिनाभर मी फक्त धाकट्याची तयारी केली. त्याचं नाचणीचं सत्त्व, त्याचे लंगोट, त्याची औषधं. थोरलीच्या पिशवीत दोन फ्रॉक आणि रंगपेटी टाकली, झालं.

बोट धक्क्यावरून सुटली आणि तासा-दोन तासांत धाकटा झोपला, तो पहाटेपर्यंत. इंजिनाची घरघर आणि ते संथ हलणं त्याला पाळण्यासारखं वाटलं असणार. थोरलीला मात्र बोट लागली. जेवणानंतर आधी ती गप्प झाली, मग जांभया, मग चेहरा पांढरा, आणि केबिनच्या दारातच उलटी. रात्री अजून तीन वेळा झाल्या.

नंतर आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावलं तेव्हा कळलं की यात नवल काही नव्हतं. आतल्या कानाला हलणं जाणवतं, डोळ्यांना मात्र समोरची भिंत स्थिर दिसते, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. दोन वर्षांनंतर सुरू होतो आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सर्वांत जास्त होतो. म्हणजे तुमची मुलगी बहुधा निवांत असेल. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटात मुलाला गाडी लागते का, ते आठवून बघा. लागत असेल तर बोटही लागेल असं धरूनच तयारी करा.

केबिन निवडताना बोटीचा मधला भाग आणि खालचा मजला मागा. तिथे हेलकावा सर्वांत कमी असतो. आम्ही चांगलं दिसतं म्हणून अगदी पुढची, वरच्या मजल्यावरची केबिन घेतली होती. संध्याकाळी मुलाला पोटभर जेवायला घालू नका, थोडा मऊ भात, थोडं केळं, असं पुन्हा पुन्हा द्या. मोबाइल हातात देऊ नका, स्क्रीनकडे बघत बसलं की त्रास वाढतो. डेकवर वाऱ्याला नेऊन क्षितिज दाखवा. गोळी द्यायची की नाही, ते मुलाच्या डॉक्टरांना निघायच्या आधी विचारा आणि वजनावरून डोस कागदावर लिहून घ्या. मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याची आपल्याकडे सवय आहे, ती इथे नको. आणि मुलीला तर यातलं काहीही देऊ नका. या गोळ्यांपैकी प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं, त्याने श्वास मंदावू शकतो.

पण उलटीपेक्षा मोठी गोष्ट सकाळी घडली. ती लिहिताना आजही माझे हात गार पडतात.

नाश्त्याच्या वेळी मी धाकट्याला भरवत होते, नवरा चहा आणायला उठला. मला वाटलं थोरली त्याच्यामागे गेली, त्याला वाटलं ती माझ्याजवळ बसलीय. तो परत आला तेव्हा ती कुठेच नव्हती. बोटीवर सगळ्या मजल्यांचे बोळ सारखे, सगळी दारं सारखी, लिफ्टमधून कुठेही बाहेर पडा, तोच गालिचा. मोठ्या माणसालाही पहिल्या दिवशी आपली केबिन सापडत नाही. आणि दुसरीकडे जिने, पोहण्याचा तलाव, कठडे. सहा-सात मिनिटांनी एका कर्मचाऱ्याने तिला आणून दिलं. तिला रंगपेटी हवी होती म्हणून ती केबिनकडे निघाली आणि दोन मजले खाली, आमच्यासारखाच आकडा असलेल्या भलत्याच दारावर थापा मारत उभी होती.

तेव्हापासून आमच्या घरात एक पद्धत आहे. मूल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तोंडाने म्हणायचं, "आता ती तुझ्याकडे," आणि समोरच्याने "हो, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. नुसत्या नजरेवर भागवायचं नाही. बोटीवर तर हे कराच. शिवाय मुलाच्या मनगटाला पट्टी बांधून तिच्यावर केबिनचा क्रमांक, मजला आणि तुमचा फोन नंबर लिहा. समुद्रात बराच वेळ मोबाइलला रेंज नसते, म्हणून केबिनचा क्रमांक महत्त्वाचा. बोटीवर चढल्याबरोबर त्याला घेऊन एक फेरी मारा आणि हरवलास तर तिथेच उभा राहा, अशी एक जागा दाखवून ठेवा.

तलावाचंही असंच. तो उथळ दिसतो, भोवती माणसं असतात, त्यामुळे आपण खुर्चीत बसून लक्ष ठेवू असं वाटतं. कित्येक बोटींवर जीवरक्षक नसतो. आणि बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हात हलवत नाही, गपकन आवाज न करता खाली जातं. मुलगा पाण्यात असेल तर तुमच्यातलं एक जण हाताच्या अंतरावर, पाण्यातच हवं. मुलीला तर तलावात घेतच नाहीत. लंगोट घालणाऱ्या बाळांना, मग तो पोहण्याचा खास लंगोट का असेना, मोठ्या तलावात मनाई असते, कारण एका बाळाच्या शीमुळे सगळं पाणी दूषित होतं. आम्हाला ते ऐनवेळी कळलं. तुम्ही एक छोटा फुगवायचा टब न्या. केबिनमध्ये बहुतेक वेळा फक्त शॉवर असतो, त्यामुळे तिच्या आंघोळीलाही तोच उपयोगी पडेल.

बाल्कनीची केबिन? मी घेणार नाही. चार वर्षांचा मुलगा खुर्ची ओढून कठड्यापाशी नेऊ शकतो, तेवढंच पुरे आहे. न उघडणारी काचेची खिडकी असलेली केबिन घ्या. समुद्र तसाच दिसतो आणि रात्री तुम्हाला झोप लागते.

आता मुलीचं. बहुतेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत आणि सलग दोन-तीन दिवस बंदर न लागणाऱ्या लांबच्या सफरींना वर्षाची अट असते. तुमची मुलगी एका रात्रीच्या सफरीत बसते, तरी तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारून घ्या. तिचं बाल आधार किंवा जन्मदाखला मूळ प्रतीत जवळ ठेवा. पाळणा किंवा छोटी कॉट बुकिंगच्या वेळीच मागायची, चढल्यावर मागितली तर संपलेली असते.

खाण्यापिण्यात एकच खरी अडचण येते, गरम पाण्याची. किटली, दूध गरम करायचं यंत्र असली विजेची उपकरणं आगीच्या भीतीने बोटीवर चालत नाहीत. आमची ती सामान तपासतानाच काढून ठेवली. तेव्हा चांगला थर्मास न्या आणि उपाहारगृहातून उकळतं पाणी भरून घ्या. अंगावर पीत असेल तर अर्धं काम सोपं, सफरीच्या आधी ते तोडायची घाई करू नका. वरच्या अन्नासाठी स्वयंपाकघरात सांगितलं तर बिनमिठाचं, बिनतिखटाचं वरण आणि मऊ भात देतात. आमच्या धाकट्याला त्यांनी अगदी आटवलासारखी, म्हणजे आजाऱ्याला देतो त्या मऊ भातासारखी, खिचडी शिजवून दिली होती. नाचणीचं सत्त्व मात्र घरचंच घेऊन जा.

हात धुण्याबद्दल थोडं कडक लिहिते. बोटीवर शेकडो माणसं एकाच बुफेतले डाव हाताळतात. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस असल्या ठिकाणी झपाट्याने पसरतो आणि सॅनिटायझरने तो नीटसा मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, दोन्ही मुलांचे हात प्रत्येक खाण्याआधी. मुलगी रांगत असेल तर जमिनीवर टाकायला घरची चादर न्या. रोटाव्हायरसचे तिचे डोस झालेत का आणि नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस दिली का, तेही बघा. राहिली असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

औषधांत ओआरएसची पाकिटं आणि पॅरासिटामॉल हवंच. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांची ताकद वेगळी असते. थेंब खूपच तीव्र असतात, म्हणून सिरपचा डोस थेंबांच्या बाटलीतून देऊ नका. दोन्ही मुलांचे डोस वेगवेगळ्या कागदांवर लिहून बाटल्यांना चिकटवा. बोटीवर डॉक्टर असतो, पण तो बालरोगतज्ज्ञ असेलच असं नाही, आणि मुरगाव सुटल्यावर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे आपलं मोठं सरकारी रुग्णालय, जवळ नाही. निघायच्या आदल्या दिवशी दोघांपैकी कुणाला ताप किंवा जुलाब असतील तर पैसे गेले तरी चालतील, जाऊ नका.

आणि लाइफ जॅकेट. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १५ किलोच्या आतल्या बाळांचं वेगळं असतं आणि १५ ते ४३ किलोच्या मुलांचं वेगळं. चार वर्षांचा मुलगा नेमका त्या सीमेवर असतो. आमच्या केबिनमध्ये फक्त मोठ्यांची होती. मी तीनदा मागितल्यावर लहान मिळाली. तुम्ही चढल्या चढल्या मागा आणि दोघांना घालून बघा. सुरुवातीला सगळ्यांना एकत्र बोलावून संकटात काय करायचं ते सांगतात, सात छोटे आणि एक लांब असा भोंगा वाजतो. बाळाचे कान झाका, पण ते चुकवू नका. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यापाशी कोस्टा कॉनकॉर्डिया बुडाली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा हा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर तो बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यायचा असा नियम झाला.

संध्याकाळचा प्रश्न आधीच मिस्टरांशी बोलून घ्या. बोटीवरची मुलांची खोली बहुधा तीन वर्षांपुढच्या आणि लंगोट सुटलेल्या मुलांसाठी असते, मुलीला कुणी सांभाळणार नाही. ती आठला झोपली की एकाला केबिनमध्ये बसावं लागतं. कोण कधी बसणार ते घरीच ठरलं नाही तर ते काम आईकडेच येतं. माझ्याकडे आलं होतं. मी त्या बोटीवरचा एकही कार्यक्रम पाहिला नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो, तुम्ही निवडलेला महिना चांगला आहे. मे संपत आला की लाटा वाढतात, तेव्हा नको. लक्षद्वीपची सफर स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी सुचवलं तर या वर्षी ती सोडा. तिथे मोठी बोट बाहेर नांगर टाकते आणि छोट्या होडीत उतरून किनाऱ्याला जावं लागतं. कडेवर बाळ आणि हाताला चार वर्षांचा, अशा अवस्थेत हलत्या होडीत पाय टाकणं मला जमलं नसतं.

राहता राहिल्या सासूबाई. माझी आजी १९७०च्या दशकात मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने पणजीला आली ती तीन महिन्यांच्या आत्याला घेऊन. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोट यायची आणि आजीने रात्र उघड्या डेकवर चटई टाकून काढली. आत्या दूध पिऊन झोपली. आजीबरोबरचा सहा वर्षांचा काका मात्र सगळ्या वाटेत ओकत आला, हे ती शेवटपर्यंत सांगायची. मी ते कधी नीट ऐकलंच नव्हतं.

सासूबाईंना हे सांगा आणि जमलं तर त्यांनाही बरोबर न्या. तिसरं माणूस असलं की संध्याकाळचा आणि तलावाचा, दोन्ही प्रश्न सुटतात. फक्त बुकिंग करताना लक्षात ठेवा, बाळही माणसांत मोजतात. एका केबिनमध्ये बहुधा चारच जण राहू शकतात, तेव्हा मधून दार असलेल्या दोन केबिन मागा आणि वरची बर्थ मुलाला देऊ नका.