वाळवंटातल्या मोटरसायकल रॅलीत बाईची ताकद पुरते का?

पुरते. तुमची धाकटी बहीण अंगाने बारीक आहे आणि रॅलीत उतरायचं म्हणते, म्हणून तुम्ही काळजीत आहात. तर आधी हेच सांगते: वाळूत गाडी चालवायला ताकद फारशी लागत नाही, पडलेली गाडी उचलायला लागते. म्हणजे सगळं कसब कमी वेळा पडण्यात आहे.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. जैसलमेरकडे आणि कच्छमध्ये रॅली केल्या आहेत. नंबर काही येत नाही, पण पूर्ण करते.

वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा निम्म्यावर आणतात. रस्त्यावर 28-30 पीएसआय असते, ती 14-15. टायर पसरतो, त्यामुळे रुतत नाही. (आमच्या गॅरेजवाल्या काकांना हे अजून पटलेलं नाही. "बेन, आटली ओछी हवा?" म्हणत दरवेळी पंपाकडे हात जातोच.) मग फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहायचं, वजन मागे, नजर लांब, आणि थ्रॉटल सोडायचा नाही. पुढचं चाक वळवळतं, हँडल हातात नाचतं. नाचू द्यायचं. जे आवळून धरतात त्यांचे हात तासाभरात भरून येतात, आणि त्यात दणकट पुरुषच जास्त असतात.

तरी पडणं आहेच. हिरोच्या एक्सपल्ससारखी कच्च्या रस्त्यावरची गाडी दीडशे किलोच्या वर भरते. पुढून ओढून उचलायला गेलात तर कंबर गेलीच समजा. गिअर टाकायचा, हँडल पूर्ण वळवायचं, सीटला पाठ टेकवून खाली बसायचं आणि पायांच्या जोरावर मागे ढकलत उभं राहायचं. उतारावर पडली असेल तर आधी चाकं उताराच्या बाजूला फिरवून घ्यायची. बहिणीला हे घरच्या अंगणात गादी टाकून शिकवा, वाळवंटात पहिल्यांदा करायची गोष्ट नव्हे.

सगळ्यात फसवी वेळ दुपारची. सकाळी दव पडलेलं असतं, वाळू जरा घट्ट असते, सावल्या लांब असतात. बारानंतर सावल्या जातात आणि समोरची टेकडी सपाट भिंतीसारखी दिसते. माथ्यापलीकडे उतार आहे की सरळ कडा, ते माथ्यावर पोचेपर्यंत कळत नाही. म्हणून माथ्याजवळ वेग कमी करायचा, जमलं तर तिरकं जायचं. रोडबुकात अशा जागी उद्गारचिन्हं असतात: एक म्हणजे जपून, तीन म्हणजे जिवाशी गाठ. रोडबुक म्हणजे हँडलवरच्या डब्यात बसवलेली कागदाची गुंडाळी. किती किलोमीटरवर, कुठे वळायचं, किती अंशाची दिशा धरायची, सगळं चित्रांत. मोबाईलचा नकाशा चालत नाही. गाडी हाकता हाकता ट्रिपमीटर (किती अंतर कापलं ते दाखवणारं मीटर) आणि कागद जुळवत राहायचं. डोकं शांत असेल तर हे जमतं.

आणि डोकं शांत राहतं पाण्यावर. हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे बाई घराबाहेर पडताना पाणी कमी पिते. शाळेपासूनची सवय असते, कारण बाहेर लघवीची सोय नसते. रॅलीत ही सवय घात करते. वर चेस्ट गार्ड, खाली नी-गार्ड, घट्ट पँट, आडोसा म्हणून एखादं काटेरी झुडूप, आणि मागून येणाऱ्या स्पर्धकाचा आवाज येतोय. मग बायका सकाळपासून घोटभरही घेत नाहीत. अंगातलं पाणी कमी झालं की हातपाय गळण्याआधी विचार मंदावतो: रोडबुकातला आकडा दिसतो, पण डोक्यात शिरत नाही. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन नरसाळ्यासारखं साधन मिळतं, उभ्याने काम होतं. घरी सराव करून न्या. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीत ओआरएस घाला आणि तहान लागण्याची वाट न बघता नळी तोंडात धरा. पाळीच्या दिवसांत मेन्स्ट्रुअल कप बरा पडतो, पण तोही आधी वापरून बघितलेला हवा.

डकार या जगप्रसिद्ध वाळवंटी रॅलीत बायकांसाठी वेगळा, सोपा रस्ता नसतो. स्पेनची लाइया सांझ 2015 साली तिथे बाईकवर एकूण क्रमवारीत नववी आली, पुरुष धरून. आपल्या बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने 2019 मध्ये एफआयएम या मोटरसायकल खेळाच्या जागतिक संघटनेच्या बाजा (छोट्या पल्ल्याच्या रॅली) वर्ल्ड कपचं महिला गटाचं विजेतेपद मिळवलं. घरच्यांना पटवायचं असेल तर ही नावं कामी येतात. माझ्या आजीला मात्र एकच प्रश्न होता: तिथे जेवायला काय देतात.

सरावाला इथून जैसलमेर गाठायची गरज नाही. उन्हाळ्यात बोडेलीकडे ओरसंग नदीचं पात्र कोरडं पडतं. वाळू जाडी आहे, थरच्या वाळवंटासारखी पिठूळ नाही, तरी उभं राहून चालवणं तिथे शिकता येतं. फक्त रेतीच्या डंपरांची ये-जा बघून जागा निवडा, आणि एकटीला पाठवू नका. स्पर्धेचा परवाना एफएमएससीआय ही भारतातली मोटर स्पर्धांची संघटना देते, त्यासाठी डॉक्टरी तपासणी लागते.

पैसे कमी असतील तर गाडी जुनी घ्या. हेल्मेट, बूट, नेक ब्रेस (मानेचा संरक्षक पट्टा) नवे. बायकांच्या मापाचे बूट दुकानात सहसा नसतात, मागवावे लागतात, तेव्हा ती ऑर्डर आधी टाका.