वाचकांचे प्रश्न : छोट्या डच गावात दोन दिवस

मुलं नेदरलँड्सला शिकायला किंवा नोकरीला गेली की जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे आई-वडील उन्हाळ्यात तिकडे जातात. गेल्या काही आठवड्यांत या प्रवासाबद्दल बरीच पत्रं आली. सारख्या विषयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

मुलगा आइंडहोवनला नोकरीला आहे. जूनमध्ये आम्ही दोघं जातोय. आम्स्टरडॅम पाहूच, पण एखाद्या जुन्या, लहान गावात मुक्काम करायचा आहे. व्हिडिओत गीथोर्न छान दिसतं. तिथं जावं का? – अमळनेर

गीथोर्न सुंदर आहे, पण जूनच्या दुपारी तिथले अरुंद कालवे पर्यटकांच्या होड्यांनी भरून जातात. दोन दिवस रमायला आम्ही एंकहाउझन सुचवू. वीस हजारांच्या आत वस्ती, आम्स्टरडॅमहून थेट रेल्वे, साधारण तासाभराचा प्रवास आणि दर अर्ध्या तासाला गाडी. हे त्या मार्गावरचं शेवटचं स्टेशन असल्यामुळे उतरायचं चुकण्याची भीती नाही. फलाटावरून बाहेर पडलात की समोर बंदरच.

एके काळी इथे समुद्र होता. १९१६ च्या जानेवारीतल्या महापुरानंतर अभियंते कॉर्नेलिस लेली यांची योजना सरकारने उचलून धरली आणि १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचं आफ्स्लाउटडाइक धरण पुरं झालं. झाउडरझे नावाच्या खाऱ्या आखाताचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं आणि त्याचं नाव पडलं आयसलमेर. गावाच्या राजचिन्हावर आजही तीन हेरिंग मासे आहेत, पण तो खाऱ्या पाण्यातला मासा या धरणाने संपवला. एवढं ठाऊक असलं की झाउडरझे संग्रहालय नीट कळतं. त्याचा खुला भाग म्हणजे आखाताकाठच्या गावांतून उचलून आणलेली, पुन्हा उभी केलेली अस्सल घरं आणि दुकानं. चुनाभट्ट्या, वाफेवर चालणारी धुलाईशाळा, मासे धुरावण्याची खोपटी, सगळं आहे. हा खुला भाग साधारण एप्रिल ते ऑक्टोबरच सुरू असतो आणि तिथे होडीतून जाता येतं. संग्रहालय दहाला उघडतं, पाचला बंद होतं. बाराला पोहोचलात तर निम्मंच पाहून होईल, म्हणून आदल्या संध्याकाळी गावात येऊन राहावं आणि सकाळची पहिली होडी धरावी.

बंद दालनांचा भाग पेपरहाउस, म्हणजे मिरीघर, या १६२५ च्या इमारतीत आहे. पुढे ती डच ईस्ट इंडिया कंपनीने मिरी-मसाल्यांच्या कोठारासाठी घेतली. १६०२ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या सहा शाखांपैकी एक याच गावात होती. कंपनीची सुरतेची वखार १६१६ ची, आणि सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा आपल्याच भागातून जायचा. खानदेशच्या माणसाने पेपरहाउससमोर थोडं जास्त थांबावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेनही याच गावचा. तो १५८३ मध्ये गोव्याला आर्चबिशपच्या पदरी लेखनिक म्हणून आला, पाचेक वर्षं राहिला आणि परतल्यावर १५९६ मध्ये त्याने पूर्वेकडच्या सागरी मार्गांची सविस्तर माहिती छापली. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेल्या वाटा त्यामुळे डचांच्या हाती आल्या.

पायी फिरताना बंदराच्या तोंडावरचा ड्रॉमेडारिस हा १५४० चा बुरूज पाहा, मग वेस्टरस्ट्राट या मुख्य रस्त्याने पश्चिमेच्या वेशीपर्यंत जा. वाटेत वेस्टरकेर्क लागेल. त्या चर्चचा लाकडी घंटाघर-मनोरा चर्चला न जोडता वेगळा उभा आहे. मान वर करून घरांचे माथे बघा. पायऱ्या-पायऱ्यांचा त्रिकोणी माथा, त्याखाली बाहेर आलेली तुळई आणि तिला लोखंडी आकडा. पोती आणि सामान दोराने वर चढवायची ती सोय. काही दर्शनी भिंती रस्त्याकडे किंचित झुकलेल्या दिसतील. त्या मुद्दाम तशा बांधलेल्या आहेत, म्हणजे वर जाणारं ओझं भिंतीला घासत नाही. दारावर कोरलेले रंगीत दगड दिसले तर तो घराचा जुना पत्ता समजा. घरांना नंबर येण्याआधी लोक त्या चित्रावरून घर सांगायचे.

दुसऱ्या दिवसासाठी होर्न-मेडेम्ब्लिक-एंकहाउझन ही त्रिकोणी फेरी आहे. होर्न ते मेडेम्ब्लिक वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी, तिथून एंकहाउझनपर्यंत बोट, मग नेहमीच्या रेल्वेने होर्न. उलट्या क्रमानेही जाता येतं. ही गाडी वर्षभर, रोज नसते. वेळापत्रक पाहून आधीच तिकीट काढा आणि बोट कितीला सुटते ते लिहून ठेवा, कारण मेडेम्ब्लिकमध्ये ती चुकली तर पुढचा सगळा दिवस विस्कटतो.

लहान गावात सोमवारी सकाळी बरीच दुकानं बंद असतात. इतर दिवशीही सहापर्यंत शटर खाली येतं. जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेड बघून जेवायला नवाला निघालात तर उपाशी राहाल. स्वयंपाकघरं तोवर बंद होत आलेली असतात. साडेसहा-सातला जेवून घ्या आणि फिरायला त्यानंतर निघा. मोकळं बंदर आणि गच्च बांधलेल्या जुन्या शिडाच्या बोटी पाहायला हीच वेळ सगळ्यात चांगली.

आम्ही चौघं आहोत. बँकेचं कार्ड टेकवून रेल्वेत बसता येतं म्हणतात. एका कार्डावर चौघांचं भागेल का? – शहादा

नाही. एका माणसाला एक कार्ड. त्याच कार्डाने आत जाताना टेकवायचं आणि उतरल्यावरही तेच टेकवायचं. चूक बहुतेक इथेच होते. आत जाताना प्लास्टिकचं कार्ड टेकवलं आणि उतरल्यावर मोबाइलमधलं, तर खातं एकच असलं तरी यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात. मग दोन अपुरे प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींची मोठी ठरावीक रक्कम कापली जाते. ती परत मागता येते, पण फिरायच्या दिवसात तो व्याप कशाला?

व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं, रुपे कार्डावर भिस्त ठेवू नका. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय, दोन्ही चालू करा. यातली दुसरी बऱ्याच जणांची बंद असते. चार कार्डं नसतील तर रेल्वेच्या ॲपवरून प्रत्येकाचं तिकीट काढा. स्टेशनवरच्या यंत्रातूनही कागदी तिकीट मिळतं, पण त्यावर जादा आकार लागतो. ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी रेलरनर नावाचं स्वस्त तिकीट आहे, ते विसरू नका. लहान स्टेशनवर फाटक नसतं, फलाटावर नुसता खांब असतो. त्याला कार्ड लावल्याशिवाय बाहेर पडू नका.

शेती हेच उत्पन्न आहे. व्हिसासाठी काय दाखवावं? – शिरपूर

सातबारा आणि ८-अ चालतात, पण मराठीतले तसेच देऊ नका, इंग्रजी भाषांतर जोडा. बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, साखर कारखान्याची बिलं, शेतमालाचे बँकेत जमा झालेले पैसे, हे सगळं सलग दिसलं की अर्जाला वजन येतं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम भरणं हा सर्वांत वाईट उपाय. पासपोर्टवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी झालाच पाहिजे. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच उशीर लागतो, त्यामुळे दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. मोठ्यांची फी ९० युरो, व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. आरोग्य विमा निदान ३० हजार युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत, म्हणजे हा एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, चालणारा हवा. मुलगा किंवा मुलगी हमी देणार असेल तर हमीपत्रावरची सही तिथल्या नगरपालिकेत साक्षांकित करून घ्यावी लागते. सगळे दिवस मुलाच्या घरी दाखवले आणि प्रत्यक्षात दोन रात्री एंकहाउझनला, असं करू नका. त्या दोन रात्रींचं हॉटेल बुकिंगही जोडा.

आम्ही जैन आहोत. तिथल्या खाण्याचं काय? घरून काय नेता येईल? – भुसावळ

आधी काय नेता येणार नाही ते सांगतो. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, पनीर, खवा घरीच ठेवा. ताज्या भाज्या-फळांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे हिरव्या मिरच्या, कढीपत्ता आणि भरताची वांगी नेणं शक्य नाही. दाखल्यातून सूट असलेली फळं पाच : अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. जळगावची केळी नियमात बसतात, फक्त पिशवीत चेंगरणार नाहीत ते पाहा. पापड, बिबडे, खाखरा, शेव, कोरडा मसाला, कळण्याचं पीठ न्यायला हरकत नाही.

भाड्याच्या घरात बहुतेक वेळा इंडक्शनची शेगडी असते. ॲल्युमिनियमचा तवा आणि मातीचं खापर तिच्यावर तापत नाही. तव्याला लोहचुंबक चिकटलं तरच तो न्या. भरतासाठी तिथून घेतलेलं वांगं टोचून, तेल लावून ओव्हनमध्ये २२० अंशांवर पाऊणेक तास ठेवा, मध्ये एकदा उलटा. जाळावरचा वास येणार नाही, पण गर चांगला होतो. २०२२ पासून तिथे प्रत्येक घरात मजल्यागणिक धुराचा भोंगा सक्तीचा आहे. मिरचीची फोडणी देताना खिडकी उघडा, वरचा पंखा लावा.

बाहेर खाताना नुसतं 'शाकाहारी आहे' म्हणून भागत नाही. वाटाण्याच्या दाट सूपमध्ये डुकराचं मांस असतं. तळलेल्या क्रोकेट आणि बिटरबालनमध्ये मांसाचं सारण असतं. चीज भरलेलं कासूफ्ले आणि, बटाटा खात असाल तर, फ्रेंच फ्राय ठीक, पण ते त्याच तेलात तळलेले असतात आणि काही जुनी दुकानं गुरांच्या चरबीत तळतात, तेव्हा आधी विचारा. पॅनकेक आणि पोफर्चेसमध्ये अंडं असतं. जुन्या पद्धतीच्या गौडा चीजचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. वेष्टनावर 'फेखेटारिश स्ट्रेम्सेल' (शाकाहारी रेनेट) लिहिलेलं असेल तरच घ्या. काळ्या जेठमधाच्या गोळ्यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं.

वय ५८. सायकल भाड्याने घ्यावी का? – चाळीसगाव

रोजची सवय असेल तर जरूर घ्या. सवय नसेल तर पायीच फिरा, गाव लहान आहे. बऱ्याच डच सायकलींना मागचा ब्रेक पेडलमध्येच असतो, पेडल उलटं मारलं की चाक जाम. आपण सवयीने पेडल मागे फिरवतो आणि सायकल जागीच अडते. घेतल्यावर रिकाम्या जागी पाच-सहा फेऱ्या मारून बघा, किंवा हाताचे दोन ब्रेक असलेली मागा. वाहतूक उजव्या बाजूने असते. रस्त्यावर पांढरे त्रिकोण असतील आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असतील, तर तुम्ही थांबायचं. वळताना हात दाखवायचा, अंधारात दिवा नसेल तर दंड होतो.

मेडेम्ब्लिकपर्यंत जुन्या बांधावरून जाणारी वाट फार देखणी आहे, साधारण २० किलोमीटर. हा बांध १२६ किलोमीटरच्या वेस्टफ्रिस ओमरिंगडाइकचा भाग आहे. तिथे चढ नाही, पण आडोसाही नाही. समोरून वारा आला तर सातपुड्याचा घाट परवडेल. निघण्याआधी वाऱ्याची दिशा बघा. वारा पाठीशी घेऊन जा आणि येताना बोटीत सायकल घेतात का ते आधी विचारून ठेवा. पावसासाठी छत्री नेऊ नका, बांधावर ती लगेच उलटते, झिपचा रेनकोट न्या.

आईचे गुडघे दुखतात. – पाचोरा

जुन्या घरातलं हॉटेल घेऊ नका, किंवा तळमजल्याची खोली लेखी मागा. तिथले जिने शिडीसारखे उभे आणि अरुंद असतात, लिफ्ट क्वचितच. फरशीच्या दगडी रस्त्यांवर चाकांची बॅग अडखळते, म्हणून स्टेशनजवळचं हॉटेल पाहा. संग्रहालयाच्या खुल्या भागात चालणं बरंच आहे, चाकाच्या खुर्चीची सोय आधी विचारून घ्या.

एंकहाउझनला बियाण्यांच्या मोठ्या कंपन्या आहेत म्हणे. शेतकऱ्याला बघता येतील का? ट्युलिपचे कांदे आणून लावता येतील का? – रावेर

हो, एंझा झाडेनचं मुख्यालय तिथेच आहे आणि आसपास भाजीपाला बियाण्यांच्या इतरही कंपन्या आहेत. पण दारात जाऊन आत सोडत नाहीत. टोमॅटोच्या रुगोज विषाणूमुळे हरितगृहात शिरताना कपडे-बूट बदलावे लागतात, फोनसुद्धा निर्जंतुक करावा लागतो. प्रात्यक्षिकांचे प्लॉट सप्टेंबरच्या अखेरीस पाहुण्यांना दाखवतात, त्याचं आमंत्रण आपल्याकडच्या वितरकामार्फत मागा. आमंत्रण मिळालं तर व्हिसाच्या अर्जात ते खरं-खरं लिहा आणि पत्र जोडा. नमुन्याचं बियाणं खिशात घालून आणू नका. आयात परवाना आणि वनस्पती आरोग्याचा दाखला, दोन्ही लागतात.

ट्युलिपच्या कांद्यालाही हाच नियम. शिवाय त्याला फुलायला १२ ते १६ आठवडे नऊ अंशांच्या खालची थंडी लागते, आणि रावेरच्या जमिनीला ती इतके दिवस मिळत नाही. फ्रिजमध्ये थंडी देऊन डिसेंबर-जानेवारीत कुंडीत एकदा फूल येईलही, पण उन्हाळ्यानंतर तो कांदा पुन्हा फुलत नाही. ट्युलिपची शेतं बघायची असतील तर एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जा. जूनमध्ये शेतात नुसती पानं उरलेली असतात, कांदा पोसावा म्हणून फुलं आधीच छाटून टाकतात.