श्टुटगार्टहून योकोहामाला: मुलाच्या सॉसेजचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: श्टुटगार्टमध्ये नऊ वर्षं काढली, आता मिस्टरांची बदली योकोहामाला होतेय, आणि सहा वर्षांचा मुलगा वरणभाताच्या खालोखाल ब्राटवुर्स्ट आणि झाइटनव्युर्स्टले एवढंच जेवण मानतो. तिकडे ओळखीचे सॉसेज मिळतील का, की दोन-चार किलो व्हॅक्यूम पॅक करून बॅगेत टाकू? घरात पोर्क चालतं, बीफ नाही.

मी तेरा वर्षं योकोहामात आहे, त्याआधी तीन वर्षं म्युनिकला होतो. त्यामुळे दोन्हीकडचं खाऊन बोलतोय.

आधी बॅगेचं. नको. एक तुकडासुद्धा नको. जपानमध्ये मांसाचा कुठलाही पदार्थ, मग तो शिजवलेला असो, सुकवलेला असो की हवाबंद, ज्या देशातून आणता तिथल्या सरकारी तपासणीच्या दाखल्याशिवाय आत येत नाही. दुकानातून उचललेल्या पाकिटाला असला दाखला नसतो. २०१९ पासून हे फार कडक केलंय, आणि २०२० मध्ये कायदा बदलल्यावर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड अशी झाली. त्यात सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीत रानडुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर (डुकरांचा झपाट्याने पसरणारा रोग) सापडला, तेव्हा जपानने तिकडच्या पोर्कची आयातच थांबवली होती. थोडक्यात, जर्मनीहून आलेल्या बॅगेतलं सॉसेज म्हणजे त्यांच्या लेखी नुसता खाऊ नसतो. मागाहून आजीने पार्सल पाठवलं तरी नियम तोच.

हे अनुभवाने सांगतोय. माझी सासुरवाडी म्हापशाची. २०१५ साली तिथल्या शुक्रवारच्या बाजारातून चोरिसांची, म्हणजे गोव्याच्या लसूण-व्हिनेगरवाल्या पोर्क सॉसेजची, एक माळ घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळली, वर तीन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर बायकोच्या साड्या. इकडे सामानाच्या पट्ट्यापाशी उभे होतो, तर एक बीगल कुत्रा आला, बॅगेला नाक लावलं आणि खाली बसला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. आज्ञाधारक मुलासारखा नुसता बसला. मग हातमोजे घातलेल्या एक बाई आल्या, त्यांनी माळ अलगद बाहेर काढली, एका कागदावर माझी सही घेतली, आणि मीच पाहुणा असल्यासारखं दोनदा वाकून माळ घेऊन गेल्या. तेव्हा निदान समज देऊन सोडलं. साड्यांचा लसूण-व्हिनेगरचा वास मात्र तीन धुण्यांनंतर गेला.

आता मिळण्याचं. जपानमध्ये सॉसेजला तोटा नाही. स्टेशनसमोरच्या कुठल्याही सुपरमार्केटात फ्रिजची अख्खी भिंत त्यांनी भरलेली असते. भानगड अशी की ते जवळजवळ सगळे एकाच घराण्यातले: आधीच शिजवलेले, धुरी दिलेले, बोटाएवढे, चवीला किंचित गोडसर. पाकिटावर ‘विनर’ आणि ‘फ्रँकफर्ट’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. इथल्या सरकारी मानकात ही शहरांची नावं मापासाठी वापरलीत. मेंढीच्या आतड्यात भरलेलं किंवा २० मिलिमीटरपेक्षा बारीक ते विनर (उच्चार ‘उइन्ना’). डुकराच्या आतड्यातलं किंवा २० ते ३६ मिलिमीटरचं ते फ्रँकफर्ट. त्याहून जाड किंवा गाईच्या आतड्यातलं ते बोलोन्या. म्हणजे साडीवर इरकली लिहिलंय आणि अर्थ मात्र नऊवार, असा प्रकार.

याचा तुम्हाला एक फायदा आहे. तुमचं झाइटनव्युर्स्टले म्हणजे तरी काय, मेंढीच्या आतड्यातलं, धुरी दिलेलं, पाण्यात गरम करून खायचं बारीक सॉसेज. इथलं उइन्ना त्याच वळणाचं आहे, तेव्हा मुलाचं अर्धं दुःख पहिल्याच आठवड्यात मिटेल. निप्पोन हॅमचं ‘शाउएसेन’ (१९८५ पासून आहे) किंवा इतो हॅमचं ‘अल्ट बायर्न’ घ्या. ‘शाउएसेन’ हे नाव मुलाला वाचून दाखवा, जर्मन शाळेतलं पोर खो खो हसेल. ‘बघ’ आणि ‘खाणं’ हे दोन शब्द जोडून जपानी कंपनीने केलेला तो जर्मन शब्द आहे. पण वस्तू खरी आहे. उकळी आलेलं पाणी मंद करून त्यात तीन मिनिटं ठेवा, दातांखाली साल कट्कन तुटते. कंपनीने वर्षानुवर्षं ‘मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका’ असं बजावलं आणि २०१९ मध्ये स्वतःच शब्द फिरवून परवानगी दिली. मी अजून पाण्यातच करतो.

आणि श्वाबी (तुमच्या श्टुटगार्टकडच्या) पद्धतीने त्याच्याबरोबर मसूर हवेत ना? ते जर्मन दुकानात शोधू नका. तोक्योच्या निशी-कासाईत आपल्या लोकांची वस्ती आहे, तिथल्या भारतीय किराणा दुकानांत अख्खा मसूर मिळतो. कराड-इस्लामपूरच्या ढाब्यांवर तिखटजाळ होतो तोच. इथे त्याला व्हिनेगर घालून सॉसेजशेजारी बसवायचा. श्पेट्झले, म्हणजे तिकडच्या अंड्याच्या जाड शेवया, घरीच पाडा.

बाकी ही जर्मन नावं इथे आली कशी, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, जपानने चीनमधलं जर्मनांचं त्सिंगताव घेतलं आणि हजारो सैनिक युद्धकैदी म्हणून इकडे आणले. त्यांतले काही मुळात खाटीक आणि बेकर होते. चिबा प्रांतातल्या नाराशिनोच्या छावणीत कैदी सॉसेज करत, आणि १९१८ च्या सुमारास सरकारी पशुसंवर्धन केंद्राच्या माणसांनी त्यांच्याकडून ती विद्या शिकून देशभर नेली. आउगुस्ट लोमायर नावाच्या कैद्याने सुटका झाल्यावर १९२१ मध्ये तोक्योत हॅमचा कारखाना काढला. कार्ल युखहाइमने १९१९ मध्ये हिरोशिमाच्या प्रदर्शनात बाउमकुखन (थरांचा जर्मन केक) विकला, आणि आज तो तुम्हाला कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातसुद्धा मिळेल. तुमचा मुलगा ज्याच्यासाठी रडणार आहे ते शंभर वर्षांपूर्वी इथे पोचलंय, फक्त तेवढ्या काळात त्याने जपानी जेवणाच्या डब्यात शिरायला अंग चोरलंय.

खरी अडचण ब्राटवुर्स्टची. म्हणजे कच्चं, धुरी न दिलेलं, मार्जोरम (सुगंधी पानांचा मसाला) घातलेलं, तव्यावर करपेपर्यंत भाजायचं सॉसेज. साध्या सुपरमार्केटात ते दिसणार नाही. इथे एक सापळा आहे, त्यात मी पडलोय. फ्रिजमध्ये फिक्या, करड्या रंगाचे सॉसेज दिसतात आणि वाटतं, सापडलं! पाकिटावर ‘मुएन्सेकी’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की गुलाबी रंग आणणारं नायट्राइट घातलेलं नाही. आत तेच शिजवलेलं उइन्ना. तुम्हाला हवा तो शब्द ‘नामा’, म्हणजे कच्चं: ‘नामा सोसेजी’. मांसाच्या काउंटरवर हा एक शब्द विचारलात तरी दुकानदार हो-नाही सांगून मोकळा होतो.

माझा नेहमीचा मार्ग म्हणजे नागोयाचं एक ऑनलाइन दुकान, ‘द मीट गाय’. देवनागरीत लिहिलं की नाव भलतंच वाचलं जातं, आणि तुमच्या घरी बीफ चालत नाही म्हणून आधीच खुलासा करतो: ‘गाय’ म्हणजे इंग्रजीतला गडी. ब्राटवुर्स्ट, इटालियन, इंग्लिश पद्धतीचे असे बरेच प्रकार त्यांच्याकडे असतात. माल गोठवलेला येतो, ‘कूल ताक्क्यूबिन’ या थंड माल घरपोच करणाऱ्या सेवेने, आणि तुम्ही निवडलेल्या दोन तासांच्या वेळेतच दारात येतो. त्या वेळेत मात्र घरी थांबा. पहिल्या ऑर्डरला वजनाचा अंदाज घेऊनच मागवा, जपानी फ्रिजचा फ्रीझर तुमच्या तिकडच्या तळघरातल्या फ्रीझरसारखा नसतो. आमचा एकदा असा भरला की बायकोने खोवलेलं खोबरं शेजारणीकडे ठेवायला दिलं.

तोक्योला गेलात तर हिरोओचं नॅशनल अझाबू आणि अझाबू-जुबानजवळचं निस्शिन ही परदेशी लोकांची जुनी दुकानं. मिळतं, पण भाव बघून मुलाला दूध-पोळी आवडायला लागेल. कॉस्टको योकोहामातच कनाझावा सीसाइडला आहे. तिथे सॉसेज मोठ्या पाकिटात मिळतात. न्युर्नबर्गच्या करंगळीएवढ्या सॉसेजची सर त्यांना नाही, पण वाढदिवसाला दहा पोरं जेवायला असतील तर तेच बरे. शरद ऋतूत बंदरावरच्या लाल विटांच्या गोदामांपाशी ओक्टोबरफेस्ट हा जर्मन बिअरचा उत्सव भरतो आणि डिसेंबरमध्ये ख्रिसमस बाजार. तिथे ताटलीत एक सॉसेज आणि थोडा आंबट कोबी घेऊन लोक आधी फोटो काढतात. मुलाला एकदा न्या, बरं वाटेल. आठवड्याची सोय म्हणून त्याकडे बघू नका. तुमचा मुलगा त्सुझुकी वॉर्डातल्या जर्मन शाळेत जाणार असेल, तर तिथल्या आयांना विचारा. या बाबतीत त्या माझ्यापेक्षा चार पावलं पुढे असतील.

भाजायचं कशावर? इमारतीच्या बाल्कनीत निखारे चालत नाहीत, ते विसरा. पण जपानी गॅसच्या शेगडीखाली मासे भाजायचा एक छोटा ड्रॉवर असतो. वरून ज्वाळा, खाली जाळी. ब्राटवुर्स्ट आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून पुसून घ्या आणि त्यात टाका, साल तडतडून छान काळी-तपकिरी होते. फक्त आदल्या दिवशी बांगडा भाजला असेल तर ड्रॉवर घासून घ्या.

बीफबद्दल नीट वाचा. चांगले ‘आराबिकी’ (जाडसर दळलेले) उइन्ना बहुतेक शुद्ध पोर्कचे आणि मेंढीच्या आतड्यातले असतात. स्वस्तातल्यांत कोंबडी मिसळलेली असते आणि वेष्टन कोलाजेनचं, जे अनेकदा गाईच्या कातड्यापासून करतात. घटकांच्या यादीच्या अगदी शेवटी, कंसात, ‘यात अमुक अंशतः आहे’ अशी ओळ बहुधा असते. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करायचं ते त्या ओळीवर. ‘बुता’ म्हणजे डुक्कर, ‘ग्यू’ म्हणजे गाय, ‘तोरी’ म्हणजे कोंबडी. ही तीन चित्राक्षरं विमानातच पाठ करा. खिमा घेताना तर जास्तच जपा: ‘आइबिकी’ लिहिलेला खिमा गाय आणि डुक्कर एकत्र दळलेला असतो, आणि दिसायला अगदी निरागस. तुम्हाला ‘बुता-हिकिनिकु’ हवा. आणि नारिंगी वेष्टनातलं, फ्रिजबाहेर ठेवलेलं गुलाबी सॉसेज दिसलं तर ते माशाचं. वाईट नसतं, पण मुलाला न सांगता देऊ नका. आमच्याकडे एकदा ताट परत आलं होतं.

मोहरी तिकडची मध्यम तिखट आणा, किंवा इथे काल्दीच्या दुकानात परदेशी बाटल्या मिळतात. जपानी ‘काराशी’ दिसते तशीच पिवळी, पण लोणच्याला फेसलेल्या मोहरीसारखी थेट टाळूत जाते. कोन्बिनीत काडीवरचं फ्रँकफर्ट घेतलंत तर सोबत एक छोटी दुहेरी पुडी देतात, एका कप्प्यात केचप, दुसऱ्यात मोहरी. दोन बोटांत धरून मधोमध दुमडली की दोन्हीच्या धारा शेजारी शेजारी, सरळ रेषेत पडतात. तुमचा मुलगा या पुडीसाठीच सॉसेज मागेल, लिहून ठेवा. ब्रेडच्या बाबतीत मात्र मन घट्ट करा. इथला पाव मऊ, कापसासारखा. कडक सालीच्या जर्मन ब्रेडसाठी किचिजोजीला लिंडे बेकरी आहे, योकोहामाहून जवळ नाही.

सहलीचा डबा आला की बाकीच्या मुलांच्या डब्यात लाल उइन्नाचे ऑक्टोपस असतील. उइन्नाच्या खालच्या अर्ध्याला उभे काप देऊन पाय करायचे आणि तव्यावर टाकायचं. गरम होताना पाय आपोआप बाहेर वळतात. वर दोन काळे तीळ, झाले डोळे. तुमच्या मुलाला ते करून द्या. ब्राटवुर्स्ट देऊ नका, तो डब्यात गार झाला की साजुक तुपासारखा थिजतो.

आमच्याकडे शेवटी घरीच करतो. बुता-हिकिनिकु, मीठ, पांढरी मिरी, जायफळ, चमचाभर बर्फाचं पाणी, हाताला चिकटेपर्यंत मळायचं, आणि आतड्याच्या फंदात न पडता बोटाएवढे मुटके वळून तव्यावर. अडतं फक्त मार्जोरमपाशी. इथे मिळतो तो चिमूटभराच्या बाटलीत, सोन्याच्या भावात. सीलबंद पाकिटातला सुका मसाला आणायला बंदी नाही, तेव्हा सॉसेजऐवजी तोच बॅगेत टाका, तिकडे ढिगाने मिळतो. आणि जागा उरली तर एक पाकीट आमच्यासाठी. पैसे देईन, चोरिसांची माळ नाही देऊ शकणार.