युद्धापूर्वीच्या जपानमधला तोयामा मित्सुरू नेमका कोण होता?

सत्तेचं पद कधीच न घेतलेला, पण मंत्र्यांना धाक असलेला माणूस. १८५५ साली फुकुओकाच्या सामुराई घराण्यात जन्म. १८८१ मध्ये त्याने साथीदारांसह गेन्योशा ही संघटना उभी केली. सुरुवातीला लोकहक्कांची भाषा, पुढे उघड साम्राज्यविस्तार. १८८९ मध्ये याच संघटनेच्या माणसाने परराष्ट्रमंत्री ओकुमांवर बॉम्ब टाकला. त्यात त्यांचा पाय गेला.

आपल्याकडे मात्र तो वेगळ्याच कारणाने आठवावा. १९१५ मध्ये ब्रिटिशांच्या दबावाखाली जपानने रासबिहारी बोस यांना देश सोडायला सांगितलं, तेव्हा यानेच त्यांना घराच्या मागच्या दाराने निसटवून शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीत लपवलं. म्हणून त्याला साम्राज्यवादविरोधी समजू नका. कोरिया गिळायला तो आतुरच होता. १९४४ मध्ये वारला.