रणांगणावरच्या प्रथमोपचाराच्या सरावात टॅबलेटवरचं निर्णय-सहायक अ‍ॅप वापरावं का?

वापरा, पण आधी हात तयार होऊ द्या. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो, तेव्हा स्क्रीन चाळत बसायला वेळच नसतो. टूर्निके (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) जखमेच्या 5-7 सेंटिमीटर वर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत आवळायचा. हे न बघता जमलंच पाहिजे.

अ‍ॅपचा खरा उपयोग त्यानंतर: श्वासमार्ग, छाती, रक्ताभिसरण, ऊब हा क्रम चुकू न देणं आणि टूर्निके बांधल्याची वेळ नोंदवणं. कामठीला मे महिन्यातल्या सरावात रक्त म्हणून वापरलेल्या लाल पाण्याने भिजलेल्या हातमोज्यांना स्क्रीन दादच देईना. शेवटी सराव करणाऱ्या पोराने मार्करने जखमीच्या कपाळावर वेळ लिहिली, आणि ते अगदी बरोबर केलं. एक फेरी टॅबलेट बंद ठेवूनच घ्या.